तक्त्यांना घातलेलं मीठ

ही वही कुणी वाचलीच तर माफी असावी. शाळा चौथीपर्यंत झाली, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि माझं अक्षर पुष्कळदा मलाच लागत नाही.

देवनहळ्ळीच्या पुढे एका शेडमध्ये मी झाडलोटीला लागले. फारसं बोलावं लागत नाही असं काम मला दुसरीकडे मिळालं नसतं. तिथे भाताचं तूस वाफवून, त्यात कसलंसं बी कालवून साच्यांत दाबतात. मालकीण पुण्याच्या. म्हणाल्या, याचे भिंतीला लावायचे तक्ते होतात, खोली गार राहते. बी म्हणाल्या म्हणून मला वाटलं, काहीतरी हिरवं उगवेल.

पहिल्याच आठवड्यात त्या दोन दिवस बेळ्ळंदूरला गेल्या. तिथल्या एका ऑफिसची ऑर्डर होती. जाताना म्हणाल्या, "मावशी, पांढरं दिसायला लागलं की जरा बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर चाळीसही साच्यांवर पांढरी बुरशी. फोन करून विचारायचं, तर मला फोनवर बोलायला जमत नाही. आमच्याकडे लोणच्याला बुरशी आली की वरची काढतात, मीठ घालतात, उन्हात ठेवतात. मी तसंच केलं. मीठ घरून आणलं. संध्याकाळपर्यंत एक पांढरा ठिपका राहिला नाही. मला बरं वाटलं.

मालकीण आल्या आणि साच्यांपुढे खालीच बसल्या.

"मावशी, ती बुरशीच तर आपण वाढवत होतो. तीच तूस धरून ठेवते."

"तुम्ही बघून घ्या म्हणालात."

"म्हणजे नुसतं बघा."

वाळवायचं असतंच, म्हणाल्या, पण दहा दिवसांनी, आणि भट्टीत.

टेम्पोवाले अण्णा म्हणाले, "अक्का, स्वल्प लिंबू पण पिळायचं. लोणचं म्हणून तरी विकलं असतं."

कामावरून काढतील म्हणून मी डबा आणि चपला जवळ घेऊन बसले. त्यांनी काढलं नाही. पैसेही मागितले नाहीत. त्यामुळे त्यांच्यासमोर जाणं आणखी जड झालं. शेवटी कागदावर लिहून टेबलावर ठेवलं, "नुकसानीचे महिना पाचशे कापा, नाहीतर मला येववणार नाही." त्यांनी खाली इथल्या बोलीत "सरी" लिहिलं, म्हणजे ठीक आहे.

आता साचे मीच भरते. पांढरं आलं की नुसतं बघते. बेळ्ळंदूरच्या भिंतींना लागले ते तक्ते माझ्या हातचे.

या महिन्याचा पगार पूर्ण आला. दोनदा मोजला. पैसे फिटले. मिठाचे मी धरले नव्हते.