सत्तावीस कप्प्यांची बेगमी

लहान पेटीत सत्तावीस कप्पे. दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या की त्या जुळून एक मोठी पेटी होते, चोपन्न कप्प्यांची. एका कप्प्यात एकाच जातीच्या चौसष्ट वस्तू राहतात. माती चौसष्ट, दगड चौसष्ट, भाजलेला मासा चौसष्ट. अंडी मात्र सोळाच, आणि वाटीभर रश्श्याला अख्खा कप्पा. हा नियम ज्याने केला त्याने जन्मात कधी डबा भरलेला नाही, हे मी पैजेवर सांगते.

हा ठोकळ्यांचा खेळ आहे. लाकूड तोडायचं, खाणीत उतरायचं, मिळेल त्यातून घर, शेत, हत्यारं बनवायची. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, विरारला शाळेत गणित शिकवते आणि संगणकावर हा खेळ खेळते. स्टाफरूममध्ये ज्यांना हसायचं होतं त्यांचं हसून झालंय. सगळं बंद होतं त्या वर्षी मुलगी बारा वर्षांची होती. घरात बसून कंटाळली आणि तिने मला शेजारी ओढून शिकवलं. ते जग आम्ही दोघींनी सुरू केलं. आता ती पुण्याला शिकते. फोनवर आमची गाडी ‘जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही. पण रविवारी सकाळी कानाला हेडफोन लावून आम्ही दोघी त्या जगात शेतं कापतो, तेव्हा ती सगळं सांगते. माझ्यासाठी तेच आमचं घर आहे.

त्या घरामागे माझं कोठार होतं. बावीस मोठ्या पेट्या.

माझं माहेर अर्नाळ्याचं. आमच्याकडे आगोट लागायच्या आत, म्हणजे पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायच्या आत, चार महिन्यांची बेगमी होते. सुके बोंबील, जवळा, मसाला, तांदूळ. आईचे दोन नियम होते. डबा गळ्यापर्यंत भरायचा नाही, वर चार बोटं जागा ठेवायची. आणि कधी तळ गाठायचा नाही, मूठभर राहू द्यायचं. “रिता डबा कोनाला दाखवू नये,” ती म्हणायची. म्हणून खेळातही दर सत्तावीस कप्प्यांतले मी सव्वीस भरते आणि सत्ताविसावा मोकळा ठेवते. मुलगी म्हणते, “आई, इथे काही खराब होत नाही. पाऊससुद्धा दहा मिनिटं पडतो.” मला ठाऊक आहे. तरी मे महिना आला की मी पेट्या भरते. माझा मे आहे, माझ्या पेट्या आहेत.

यंदा तिच्या कॉलेजातला एक मित्र आमच्या जगात आला. मी त्याला पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखते. ते जग आता त्याच्याच संगणकावर चालतं. त्याने आल्या आल्या यंत्राचं गोदाम बांधायला घेतलं. वस्तू एका टोकाला टाकली की नरसाळ्यांमधून घरंगळत आपल्या आपल्या पेटीत जाऊन पडते. हुशार पोरगा आहे, नाही म्हणत नाही. पण गोदामाला जागा हवी होती आणि ती नेमकी माझ्या कोठाराची.

“आंटी, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना,” तो म्हणाला. “एवढ्या पेट्यांनी गेम अडकतोय. प्रत्येकाला चार मोठ्या पेट्या, रूल सगळ्यांना सेम. पुढच्या संडेला बाकीच्या उडवतो.”

“माझ्या पेट्या गप पडून असतात,” मी म्हटलं. “तुझी चाळीस नरसाळी दिवसभर चरत असतात. आधी ती मोज.”

तो हसला. मग मुलगी बोलली. “आई, प्लीज. जागा कुठे आहे?”

ज्या जगात दिवसभर चालत गेलं तरी शेवट येत नाही, तिथे माझी पोरगी मला विचारते, जागा कुठे आहे. पण मला राग आला तो तिचा नव्हता. ते वाक्य माझं होतं.

वडील गेल्यावर आई माझ्याकडे विरारला राहायला आली, तेव्हा सोबत दोन निळी पिंपं घेऊन आली. एकात बोंबील, एकात जवळा. गॅलरीत ठेवली. आठ दिवसांत सोसायटीचे सेक्रेटरी दारात. वास येतो, खालच्यांनी तक्रार केलीय, नियम आहे. मी, वर्गात चाळीस पोरांना दामटणारी बाई, त्यांच्यासमोर मान खाली घालून ‘हो, हो’ म्हणाले. दुसऱ्याच दिवशी माल वाटून टाकला आणि पिंपं भंगारवाल्याला दिली. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, “आई, फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?” ती म्हणाली, “नाय तर नाय.” त्यानंतर ती तीन पावसाळे जगली आणि एकदाही बेगमीचं नाव काढलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते, आणि वाटायलाच हवी.

तेव्हा मी सेक्रेटरींना हो म्हटलं होतं. आता हो म्हणणार नव्हते.

“एकही पेटी उडवायची नाही,” मी म्हटलं. “समोरच्या बेटावर नेते सगळं. तिथेही उडवायला यायचं असेल तर ये. मी दारात उभी आहे.”

बेट अर्नाळ्याच्या किल्ल्यासारखंच, किनाऱ्यावरून दिसणारं. पेटी बसवलेली होडी मिळते त्या खेळात. तिच्यात सत्तावीस कप्पे, माझ्या खिशात छत्तीस, मिळून त्रेसष्ट. म्हणजे एका खेपेत एक मोठी पेटी आणि वर नऊ कप्पे शिल्लक. बावीस पेट्या, बावीस खेपा. शाळेतून आले की चहा घ्यायचा आणि वल्हवायला बसायचं. नवरा मागून बघायचा आणि म्हणायचा, “काय गं, कोळीण झालीस?” मी म्हणायचे, “होतेच.”

रविवारी सकाळी एकच खेप उरली होती. किनाऱ्यावर मुलगी उभी.

“मला घे ना होडीत.”

“जागा नाही,” मी म्हटलं, आणि माझीच जीभ मला टोचली. पण खरं होतं. त्या होडीत दुसऱ्या माणसाच्या जागेवरच पेटी असते.

“एवढं काय आहे तिच्यात?”

“तुझी पहिली लाकडी कुदळ. तू बारा वर्षांची असताना केलेली. आणि सात पिवळी फुलं, मला वाढदिवसाला दिलेली.”

मग तिने स्वतःची होडी केली आणि माझ्या मागोमाग बेटावर आली. पेट्या लावता लावता मी तिला पिंपांची गोष्ट सांगितली, सेक्रेटरींसकट, माझ्या खाली घातलेल्या मानेसकट. याआधी कोणालाच सांगितली नव्हती.

“मग आजी काय म्हणाली?”

“नाय तर नाय म्हणाली.”

ती बेटावरच्या झाडांकडे गेली. लाकूड तोडल्याचे आवाज आले. परत आली ती दोन पिंपं घेऊन, आणि कोठाराच्या दाराशी एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली. खेळात पिंपही असतं, त्यातही सत्तावीसच कप्पे. तेवढ्यात हेडफोनमध्ये त्या मुलाचा आवाज आला, “हे काय, अजून पेट्या?” ती म्हणाली, “पेट्या नाहीत, पिंपं आहेत. आणि हात लावायचा नाही.”

सुके बोंबील त्या खेळात मिळत नाहीत. मी भाजलेले मासे भरले, दोन्हीकडे सव्वीस सव्वीस कप्पे, एकेक मोकळा. कोणाला वास येत असेल तर त्याने आपली खिडकी लावून घ्यावी.