तंबाखू मळून होईपर्यंत

“ह्यो दारू पिऊन आलता, मॅडम. तसं रिपोर्टात लिवा, उद्यापासनं ह्याला घरी बसवतो.”

लूमच्या कारखान्याचे मालक अण्णा मला फर्मावत होते. शेजारी त्यांचे वायरमन दत्तूमामा भाजलेला उजवा हात पोटाशी धरून उभे. आदल्या दुपारी मेन स्विच बंद असताना मामांना पॅनेलमध्ये जबर शॉक बसला होता. मेन बंद, मग करंट आला कुठून? म्हणून दारू! पंचवीस वर्षांची नोकरी माझ्या एका ओळीवर घालवायची होती. मी कोल्हापूरहून इचलकरंजीला इलेक्ट्रिकल सेफ्टी तपासायला आले होते, खोटं लिहायला नव्हे. मी तापले. माझं हे असंच आहे.

“मामा, काय काय केलंत ते सांगा.”

“मेन पाडला. टेस्टर लावला, पेटला न्हाय. मग तंबाखू मळली, दाढंला धरली आन् मगच हात घातला. वस्तादांनी तसंच शिकवलंय.”

“बगा! कामात तंबाखू!” अण्णा गरजले.

मला मात्र त्या तंबाखूतच खरी गोष्ट दिसली.

पॅनेलमध्ये कपॅसिटर असतो. तो वीज साठवतो आणि मेन बंद झाला तरी धरून ठेवतो. त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये एक छोटा रेझिस्टर जोडलेला असतो, त्यातून हा साठा वाहून जातो. त्याला साधारण मिनिटभर लागतं. टेस्टरला ही वीज दिसत नाही, कारण तो जमिनीच्या हिशेबाने बघतो आणि ही वीज फक्त त्या दोन टर्मिनलांच्या मधे असते. मामांच्या वस्तादांनी मिनिट मोजायला घड्याळाऐवजी तंबाखू लावून दिली होती, एवढंच.

मी पॅनेल उघडलं. रेझिस्टरच्या जागी तोडलेल्या वायरची दोन टोकं.

“इथला रेझिस्टर कुठंय?”

“त्यो व्हय? मीच तोडायला लावला,” अण्णा म्हणाले. “मामा गावाला गेलतं तवा. जवळ हात नेला तर ऊन लागायचं. हितं रुई उडती, पेट घेतला म्हंजे?”

काळजी खरी होती, उपाय जीवघेणा. मी मेन चालू करून बंद केला आणि टर्मिनलांना मीटर लावला. पाच मिनिटांनीही पाचशेच्या वर व्होल्ट! अण्णांचा चेहरा उतरला.

मग बॅगेतला नवा रेझिस्टर काढला. कापडावर खुणा करायचा खडू घेऊन, त्यातून करंट कसा उतरत जाईल त्याचे आकडे पॅनेलच्या दारावर लिहिले: सुरुवातीला ६ मिलीअँपिअर, वीस सेकंदांनी २.२, चाळीसला ०.८, साठला ०.३. सायकलच्या ट्यूबची हवा सोडली की आधी जोरात सुटते, मग दाब कमी होईल तशी मंदावते. करंटचंही तसंच. इथे दर वीस सेकंदांनी, असेल त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जरासा जास्त उरतो.

विणकर गोळा झाले. मी कपॅसिटर पुन्हा भरून घेतला. “मामा, मळा तंबाखू,” म्हटलं आणि करंट दाखवणारा मीटर मधे घेऊन रेझिस्टर जोडला.

भाजलेल्या हातामुळे मामांना नीट मळता येईना, पण ते मळत राहिले. अण्णाच मीटर वाचत होते. “दोन पॉइंट दोन! आयला... पॉइंट आठ!” मामांनी चिमूट दाढेला धरली. मीटरवर ०.३. विणकरांनी शिट्ट्या मारल्या. मीही टाळ्या वाजवल्या, न लाजता. असा आनंद नोकरीत दोन-चारदाच मिळतो.

अण्णा मामांकडे वळले. “मामा, चुकलं माझं. हात बरा झाला की या. तुमची जागा तुमचीच हाय.”

मामांनी मान हलवली. तोंडात तंबाखू होती, आणि डोळ्यांत पाणी.

मी रिपोर्टात लिहिलं: रेझिस्टर बसवा, तीन मिनिटं थांबा, मीटरने तपासून मगच हात घाला, पॅनेलपाशी तंबाखू बंद. मामांनी पहिल्या तीन गोष्टी मान्य केल्या.

“आन् ह्यो परत तापणार की, मॅडम?” अण्णांनी रेझिस्टरकडे बघत लांबूनच विचारलं.

“तापू दे. वर जाळीचं झाकण बसवा, रुई लागणार नाही.”

तापणाऱ्याला काढून टाकण्याआधी तो कशापायी तापतोय हे विचारावं. मी घरीही तसं सांगून ठेवलं आहे.