चुलीपुढचं कपाळ

कडक भाकरी घ्यावी तर चंद्रव्वाचीच, असं शेळगीतली ती सगळी गल्ली म्हणायची. पापडासारखी पातळ, मोडली की कट्कन वाजणारी, महिनाभर न बिघडणारी. पुण्या-मुंबईला निघालेली माणसं तिच्या दारात थांबून डबे भरून न्यायची. भाकरी तव्यावरून कधी उतरवायची हे चंद्रव्वा डोळ्यांनी नव्हे, नाकानं ठरवायची. या नाकाचा तिला भारी गर्व.

मग कोरोना आला. सरकारनं गाड्या थांबवल्या, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले आणि चंद्रव्वाच्या दारातली वर्दळ आटली. तेही तिनं एकवेळ सोसलं असतं. पण ती वर्दळ शेजारच्या दारात, धाकटी जाऊ दानेश्वरीकडे वळली, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

दानेश्वरी आशा सेविका. इतकी वर्षं गरोदर बायकांच्या मागं फिरणारी, गल्लीच्या लेखी रिकामटेकडी. आता सरकारनं घरोघर तपासणी लावली आणि तिच्या हातात ताप बघायचं पिस्तूल नि बोटाला लावायचं यंत्र आलं. कालपर्यंत ‘ए दाने’ म्हणणारे ‘मॅडम, आत या की’ म्हणू लागले. एका सकाळी तर कुण्या पुढाऱ्यानं चौकात तिच्या गळ्यात हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रव्वानं दोन वाजवल्या आणि हात झटकत घरात आली.

‘भाकरी थापायला माझ्याकडनं शिकली,’ ती नवऱ्याला म्हणाली, ‘आन् आज हार घालून फिरालीय.’

‘मग तूबी हो की आशा. कोण नको म्हणालंय?’ मल्लिनाथ म्हणाला. त्या दिवशी त्याला अळणी आमटी मिळाली.

पावसाळा सरता सरता चंद्रव्वाचं अंग मोडून आलं, घशात खवखव सुरू झाली. जुनी गिऱ्हाइकं नुकती कुठं परतू लागली होती, म्हणून ती तशीच चुलीपुढं बसली. तेवढ्यात दारात दानेश्वरी. अंगात सरकारी ऍप्रन, हातात पिस्तूल, मागं गल्लीतली चार तोंडं. चंद्रव्वा उठून दाराशी आली, तसं पिस्तूल कपाळापाशी टुक् वाजलं.

‘अक्का, ताप दाखवायलंय.’

चंद्रव्वाच्या डोळ्यांपुढं ऍम्ब्युलन्स उभी राहिली. आपण गाडीत, सगळी गल्ली दारात, आणि गाडीचं दार लावायला ही! त्यापेक्षा मेलेलं बरं.

‘चुलीपुढनं उठवलीस की मला. भाकरीवालीचं कपाळ तापणार न्हाय तर काय बर्फ हुणार?’

मागची तोंडं हसली. बोलणं खोटं नव्हतंच. गल्लीतल्या निम्म्या बायका चुलीपुढं बसणाऱ्या, सगळ्यांची कपाळं तापलेली, आणि दानेश्वरीनं कितीतरी जणींना याच कारणावर सोडलं होतं.

‘वास येतोय न्हवं?’ तिनं हळूच विचारलं.

‘मला विचारतीस? या नाकाला?’ चंद्रव्वा उसळली. ‘सकाळपासनं काय खाल्लंस का न्हाय? हारानं पोट भरत न्हाय. बस, माझी भाकरी खा.’

त्यात माया नव्हती. तुझ्याकडे पिस्तूल असेल, पण अशी भाकरी नाही, एवढंच तिला दाखवायचं होतं. तव्यावरची भाकरी उतरवून तिनं शेंगाचटणीबरोबर पुढं केली. खालची बाजू बघितली नाही. तशी तिला सवयच नव्हती. दानेश्वरी उंबऱ्यावर टेकली, मास्क खाली ओढला, घास मोडून तोंडात घातला. जरा थांबली. चंद्रव्वाच्या तोंडाकडं बघितलं. मग सगळी भाकरी निमूट खाऊन पुढच्या दारी गेली. चंद्रव्वाला जिंकल्यासारखं वाटलं.

आठवड्याभरात दोघी कोविड सेंटरमध्ये होत्या, शेजारशेजारच्या खाटांवर. चंद्रव्वाच्या मनातली जळजळ तिथंही सुटली नाही. बोटाला यंत्र लावलं की चंद्रव्वा मान वाकडी करून जावेचा ऑक्सिजनचा आकडा बघायची. तिचा जास्त असला की हिचा श्वास आणखीच चढायचा. एका दुपारी मात्र हिचा आकडा वर आला आणि जावेचा पार खाली गेला. पहिल्यांदाच ती जावेच्या पुढं गेली होती. पण ती उठून जावेच्या खाटेवर वाकली.

‘दाने, नीट श्वास घे की गं.’

‘घ्यायलेय.’ दानेश्वरी डोळे मिटूनच बोलली. ‘अक्का, त्या दिवशीची भाकरी लई करपली हुती.’

‘मग बोलली का न्हाईस?’

‘करपल्याली भाकरी तुमी कवा कुणाला दिलीय का? तवाच कळलं, तुमाला वास येईना झालाय. पण गाडी बोलावली असती तर गल्ली म्हणली असती, जावंनं दावा साधला. तुमीबी तेच म्हणला असता की.’

चंद्रव्वानं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण ती तेच म्हणाली असती.

शेजारची खाट रिकामी झाली तेव्हा चंद्रव्वाला घरी सोडायचं ठरलेलं होतं. चौकात दानेश्वरीला पुन्हा हार मिळाला, या वेळी फोटोला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तपासणीच्या पुढच्या फेरीला वैष्णवी नावाची नवी आशा पिस्तूल घेऊन दारात आली. चंद्रव्वा चुलीपुढं होती.

‘थांब जरा,’ ती म्हणाली. उठून अंगणातल्या सावलीत जाऊन बसली, पदरानं कपाळ पुसलं, चांगलं गार होऊ दिलं. ‘हं, आता बघ.’

पिस्तूल टुक् वाजलं. ताप नव्हता.

‘वास येतोय न्हवं, अव्वा?’

‘करपल्याचा येतोय,’ चंद्रव्वा म्हणाली. ‘रोज येतोय.’

चुलीवर नुसतं पाणी तापत होतं.