माईंच्या चिंचेवरचा कलकलाट

माईंच्या पिंडाला आज कावळा शिवला नाही.

आणि मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

मुकुंदाने, म्हणजे बंगलोरला असणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, सकाळी चिमण्यांचा फोटो टाकून लिहिलं, "आई, तुझी पाखरं तुला मिस करतायत." वर मला टॅग केलं.

टॅग केलंस ना भिया, मग आता वाच.

माईंची नि आमची भिंत एकच. त्यांच्या अंगणातली चिंच अख्ख्या देवासला माहीत. माईंच्या आजेसासऱ्यांनी लावलेली, एकोणीसशेच्या सुरुवातीला, देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या गादीच्या, दरबारात कारकुनी करायचे तेव्हा. संस्थान गेलं, चिंच राहिली.

तिच्यावर पहाटेपासून जो कल्ला चालायचा, विचारू नका. मीच कितीदा वैतागून म्हटलंय, "माई, काय ओरडतात हो ह्या चिड़िया."

"चिड़िया काय गं, हिंदी शाळेतली कुठली. नीट ऐक. साळुंक्या कलकलतायत. पोपट चिरकतोय. पारवा घुमतोय. आणि ती मातकट टोळी आहे ना, सातभाई, ते कचाकचा भांडतायत. तुझ्या सासरच्यांसारखे."

मुकुंदाचा फोन वाजला की म्हणायच्या, "आला. चिवचिव करून उडून जाईल."

जेवायच्या आधी कावळ्याला घास. रोज. "ये रे, ये," हाक मारायच्या आणि तो यायचाच.

"माझ्या दहाव्याला हाच येणार बघ. ओळख ठेवलीय मी."

मग दिवाळीत मुकुंदा आला. वर्क फ्रॉम होम. पाखरांमुळे मीटिंगमध्ये डिस्टर्ब होतं म्हणे. इथे घेऊन ठेवलेल्या नव्या गाडीवर शिटतात म्हणे.

माई देवीच्या दर्शनाला टेकरीवर गेल्या होत्या. परत येईपर्यंत याने मशीन लावून चिंच आडवी केली होती. आईला विचारलंसुद्धा नाही.

माई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या.

"किती शांत झालं गं," मला म्हणाल्या. "भीती वाटते."

घास ठेवणं काही सोडलं नाही त्यांनी. मुंग्या खायच्या. उन्हाळा लागायच्या आत गेल्या.

मी मुकुंदाला सांगितलं होतं, दहावा क्षिप्रेवर कर, तिथे कावळे आहेत.

"काकी, तिकडे कोण जाणार, संध्याकाळची फ्लाइट आहे."

पिंड अंगणातच ठेवला. चिंच होती तिथे, गाडीच्या बाजूला. आम्ही सगळे उन्हात ताटकळत उभे. वर नुसतं आभाळ.

गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला कोणीतरी."

मुकुंदा म्हणाला, "आई, तुझे दागिने मोडणार नाही."

दागिने. माईंनी कधी आरशात बघितलं नाही धड.

मी म्हटलं, "म्हण ना, इथे परत चिंच लावतो."

"काकी, इथे पार्किंग आहे."

आईच्या पिंडासमोर उभा राहून बोलला हे. निर्लज्ज मेला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. गवताला गाठ मारली आणि पिंडाला टेकवली. शिवला म्हणे. मुकुंदाने घड्याळ बघितलं.

घे भिया. तुला पाहिजे होता तसाच कावळा मिळाला. आवाज नाही, शिटणं नाही.

भावपूर्ण श्रद्धांजली त्याने लिहिलीच आहे, जोडलेल्या हातांच्या चित्रासकट. मी नाही लिहीत.

माई, आमच्या गच्चीवर घास ठेवलाय.

या.