ठिपकेवाल्याचा आवाज

बोरगाव मेघेच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात. वर्ध्याहून समुद्र म्हणजे रात्रभराची आगगाडी. पण बाबांनी ती पेटी उभी केली होती. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळ घर आष्टीकडचं, शेतकऱ्यांचं. तिशीत कुठल्याशा शिबिरासाठी मुंबईला गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला, आणि परत आल्यावर आठवडाभर धड बोलले नाहीत, असं आई सांगायची. पुढे रेल्वेत नोकरीला असलेले त्यांचे एक मित्र मुंबईहून प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आणून द्यायचे. कधीमधी हवा भरलेल्या पिशवीतून एखादा मासाही यायचा.

मी सांगते ती गोष्ट ऐंशीच्या आसपासची. तेव्हा मी बी.एस्सी. होऊन घरीच होते. पेटीत चार मासे होते. तीन बोटाएवढे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. चौथा तळहाताएवढा, चपटा, अंगभर ठिपक्यांचा. तो सहा वर्षांपासून आमच्याकडे होता. संध्याकाळी बाबा काचेवर दोन टिचक्या मारायचे, सुकटीचा चुरा टाकायचे, आणि ठिपकेवाला वर येऊन पाण्याच्या तोंडाशी ‘चुप’ असा आवाज करून घास घ्यायचा. स्वयंपाकघरात आईला तो आवाज ऐकू यायचा. मग ती चहाचं आधण ठेवायची.

नवा मासा आणला की बाबांचे नियम फार कडक. पिशवीतलं पाणी पेटीत पडू द्यायचं नाही. पिशवी आधी तरंगत ठेवायची, मग सलाईनच्या जुन्या नळीनं पेटीतलं पाणी थेंबथेंब तिच्यात सोडायचं, म्हणजे खारटपणाचा धक्का बसत नाही. आणि त्यानंतरही मासा पेटीत नाही. मागच्या खोलीतल्या काचेच्या मोठ्या बरणीत एकवीस दिवस एकटा.

“पाहुणा कितीबी चांगला दिसला तरी तो कोठून आला हे आपल्याले मालूम नाई,” ते म्हणायचे. “पाहुण्याले आधी ओसरीत बसवजो.”

त्या फाल्गुनात बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डाव्या डोळ्यानंही त्यांना नुसता उजेड आणि सावली कळायची. सेवाग्रामच्या दवाखान्यात ते दाखल झाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे रेल्वेतले मित्र दारात उभे. हातात पिशवी. आत एक निळा मासा, शेपटी हळदीसारखी पिवळी. असा निळा रंग मी कापडातसुद्धा पाहिला नव्हता.

बाबांची पट्टी निघेल तेव्हा त्यांना पहिल्यांदा हा दिसावा, असं माझ्या मनात आलं. तेवढंच आलं असतं तर मी थांबले असते. पण हवेचा दुसरा पंप बिघडला होता, आणि बरणीत हवा नसली तर मासा दोन दिवसांत जाईल, हे मला कळत होतं. मी पिशवी तरंगवली, सलाईनची नळी लावली, दीड तास थेंब मोजत बसले. सगळं अगदी नीट केलं. फक्त एकवीस दिवस केले नाहीत. मासा जाळीनं उचलला आणि थेट पेटीत सोडला.

पाचव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे दाणे दिसले. सातव्या दिवशी पट्टेवाले दगडाला अंग घासायला लागले. कल्ले भराभर हलत होते. मोरचुदाचं औषध असतं एवढं मला माहीत होतं. किती घालायचं ते माहीत नव्हतं. ते विचारायला सेवाग्रामला जावं लागलं असतं. मी रोज जातच होते की, डबा घेऊन. पण विचारलं नाही.

“मासे कसे हायेत वं?” बाबा पट्टीखालून विचारायचे.

“मजेत आहेत बाबा.”

“ठिपकेवाला खाते ना?”

“खातो ना.”

ते घरी यायच्या आदल्या दिवशी ठिपकेवाला गेला. पट्टेवाले त्याच्या आधीच गेले होते. मी चौघांना मागच्या डाळिंबाखाली पुरलं. आणि निळ्याच्या अंगावरचे दाणे आपोआप झडून गेले. मोकळ्या पेटीत तो एकटा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ऐटीत फिरत होता.

“सांगून टाक त्याईले,” आई म्हणाली.

“डोळ्याला ताण नको म्हणालेत डॉक्टर. रडायचं नाही म्हणालेत.”

आई बाबांचं अंथरूण घालायला निघून गेली.

चष्म्याला सहा आठवडे होते. बाबा डोळ्यावर हिरवं कापड लावून पेटीसमोर खुर्चीत बसायचे आणि मला विचारायचे, आता कोण कुठं आहे. मी सांगायची. पट्टेवाले दगडाच्या फटीत भांडताहेत. ठिपकेवाला खाली आहे, तुमच्याकडं तोंड करून. पहिले दोन दिवस जीभ जड झाली. मग सवय झाली, आणि त्या सवयीचीच मला भीती वाटायला लागली, कारण सांगता सांगता मला ते दिसत. बरोबर त्या जागी, कल्ले हलवत. मी डोळे मिटून उघडायची, तर पाण्यात फक्त बुडबुडे.

पहिल्याच संध्याकाळी बाबांनी दोन टिचक्या मारल्या, चुरा टाकला आणि मान कलती करून थांबले. मी मागे उभी होते. काय करावं सुचेना. मी हात पुढे केला आणि बोटाचं टोक पाण्यात बुडवून चटकन उचललं. चुप.

बाबा हसले. “भूक लागली होती त्याले.”

आत आईनं चहाचं भांडं जोरात आपटलं.

मग रोज संध्याकाळी मी ते केलं. बेचाळीस संध्याकाळी, एक सोडून. एकदा मला यायला उशीर झाला, मी अंगणातच होते, आणि आतून तो आवाज आला. मी धावत गेले. बाबा खुर्चीत नव्हतेच, अंथरुणावर झोपले होते. आई शेजारी गेलेली. पेटीत बुडबुड्यांशिवाय हालचाल नव्हती. निळा मासा तळाशी होता. मी कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत राहिले, आणि त्या दिवशी पेटीत हात घालायची माझी हिंमत झाली नाही.

जाड भिंगाचा चष्मा आला त्या सकाळी बाबा पेटीसमोर बसले. मी दाराशी उभी. त्यांनी निळ्याकडं पाहिलं, मग एकेका दगडाच्या मागं पाहिलं.

“हा नवा आलेला काय?” एवढंच विचारलं.

“हो.”

“बरणीत ठेवला नाई.”

“पंप बिघडला होता बाबा.”

ते रागावले नाहीत. सायकलची जुनी ट्यूब काढली, सायकलच्याच पंपानं फुगवली, तिच्या तोंडाला बारीक नळी बांधली आणि ती बरणीत सोडली. बुडबुडे सुटायला लागले. दर दोन तासांनी ट्यूब फुगवली की झालं. हे मी त्यांना पूर्वी करताना पाहिलं होतं. मला आठवलंच नव्हतं.

निळ्याला त्यांनी मोरचुदाच्या पाण्यात बरणीत टाकलं. मोठी पेटी तशीच चालू ठेवली, एकही मासा नसलेली.

“रोग पाण्यात राह्यते,” ते मला म्हणाले. “त्याले मासा भेटला नाई तर तो उपाशी मरते. दीड महिना लागन.”

दीड महिना आमच्या बैठकीत ती रिकामी पेटी गुरगुरत राहिली. उन्हाळा चढला, बाबांनी काचेभोवती ओली पोती बांधली, आटलेल्या पाण्याच्या जागी मोजून गोडं पाणी घातलं. कोणासाठी, असं मनात यायचं. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि बैठकीतून ‘चुप’ असा आवाज आला. माझे हात थांबले. बाहेर आले तर बाबा पेटीशी उभे, बोट पाण्यात.

“तुह्या बोटाचा आवाज जड होता,” ते वळून न पाहता म्हणाले. “त्याचा हलका होता. मले पयल्याच दिवशी समजलं.”

“मग बोलले काऊन नाही?” मी नेहमी शाळेतलं बोलायची, त्या वेळी तोंडातून घरचाच शब्द निघाला.

“तू सांगून राह्यली होती ना, तवा मले ते दिसत होते.”

निळ्याला पुढे मोठ्या पेटीत सोडलं. तो चार वर्षं जगला. बाबा त्याला वेळेवर खायला घालायचे, पण टिचकी कधी मारली नाही. मी तर त्याच्याकडे सरळ बघूच शकत नव्हते. त्याच्याशी बोलायची ती एकटी आई. “त्याचा का गुन्हा हाये?” म्हणायची. एका श्रावणात तो गेला. मग बाबांनी पेटी मोडली आणि बादल्याबादल्यांनी ते पाणी कुंपणाशी नेऊन ओतलं. तिथं दोन पावसाळे गवत उगवलं नाही. आई त्या उघड्या जागेवर वाळवणाची बाज टाकायची.