जिथं बोललात, तिथंच

आमच्या सासूबाईंना कारखान्यात सगळे कात्रीबाई म्हणायचे. तीस वर्षं कटिंगच्या टेबलापाशी उभ्या राहिलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण खरं सांगू का, ते नाव हातातल्या कात्रीपेक्षा तोंडातल्या कात्रीवरून पडलं होतं. मी सून आहे, मला विचारा.

मात्र त्या कात्रीला म्यान त्यांनीच शिवलं होतं. घरात नियमच होता. कुणाला वाईट बोललात, तर खोलीत जाऊन देवाची क्षमा मागून भागायचं नाही. ज्या जागी बोललात, ज्यांच्यासमोर बोललात, त्याच जागी, त्यांच्याचसमोर चांगला शब्द बोलायचा, आणि तोही मोठ्यानं. माझा नवरा लहानपणी खेळताना मित्राला 'नेभळट' म्हणाला, तर त्याला कान धरून परत त्याच मैदानात नेलं होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचीसुद्धा सुटका झाली नाही. ते एकदा भर उपासनेत ऑर्गन वाजवणाऱ्यावर खेकसले, तर पुढच्या रविवारी त्यांना सगळ्या मंडळीसमोर त्याचं कौतुक करावं लागलं. 'शाप चव्हाट्यावर आणि आशीर्वाद कोपऱ्यात, असं माझ्या देवाकडे चालत नाही,' असं त्यांचं म्हणणं.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली कटिंग शिकायला लागले. शिवायला कुणीही शिकतं हो. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं परत अखंड होत नाही, म्हणून कापणाऱ्याचा मान मोठा. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते आणि टेबल माझ्या हाती सोपवायचं त्यांनी मनात धरलं होतं. माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं.

एका सकाळी त्या गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेल्या आणि मला उत्साहाचं भरतं आलं. इस्पितळाच्या कोटांचं कापड होतं, एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं फिकं. असलं कापड अंथरताना एक थर सुलट घालायचा, पुढचा उलट, म्हणजे एक बाही डावी निघते आणि एक उजवी. मी शहाणीनं साठही थर सुलटच अंथरले आणि कटर फिरवला. साठ बाह्या निघाल्या. साठच्या साठ डाव्या!

सासूबाई आल्या. एक बाही उचलली, दुसरी उचलली, दहावी उचलली. मग सगळ्या मशिनी थांबलेल्या असताना, अकरा बायकांसमोर म्हणाल्या, 'हिच्या हाताला बरकतच नाही. ही कधी कटिंग शिकायची नाही.'

शिवी दिली असती तर मी मनातल्या मनात दोन परत दिल्या असत्या आणि विषय संपवला असता. हा शब्द मात्र आत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी खडू हातात धरला तर रेघ वाकडी आली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी टेबलाकडे फिरकलेच नाही, कोपऱ्यात काजं करत बसले. मालक म्हणाले, 'महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर कटिंगला बाहेरचा माणूस आणतो.' मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

सासूबाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. एका संध्याकाळी भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. मनावर घेऊ नकोस.'

माझं डोकंच फिरलं. 'कुठं बोललात?'

'म्हणजे?'

'इथं बोललात का, भांड्यांपाशी? अकरा जणींपुढे बोललात. जिथं बोललात, तिथंच!'

जेवता जेवता नवऱ्याला ठसका लागला. सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि खोलीत गेल्या. म्हटलं, झालं, आता आठवडाभर अबोला. आतून प्रार्थनेचं पुटपुटणं मात्र बराच वेळ ऐकू येत होतं.

सकाळी कारखान्यात त्यांनी स्वतः जाऊन मेन स्विच बंद केला.

'बायांनो, ऐका. त्या दिवशी तुमच्यापुढे मी माझ्या सुनेला शाप दिला. चुकले मी. आज तुमच्यापुढेच सांगते, हिच्या हाताला बरकत आहे. हे टेबल हीच सांभाळणार.'

जन्मभर कापड कापणाऱ्या बाईचा आवाज त्या दिवशी कापत होता. मलाच कसंनुसं झालं. मी हळूच म्हटलं, 'अहो, पण मी अजून धड एक बाही कापलेली नाही.'

'मग? देवानं उजेड पडल्यावर उजेड म्हटलं का? आधी म्हटलं, मग पडला.'

मला वाटलं, संपलं. पण त्या बोटांवर मोजत होत्या. 'नऊच आहेत गं.' एक जण काम सोडून पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे लागली होती आणि बटणवाली आजी पाय मुरगळून घरी पडली होती.

'राहू द्या हो,' मी म्हटलं.

'नऊ जणींना आशीर्वाद ठाऊक आणि दोघींकडे शापच? चल.'

जेवणाच्या सुट्टीत त्या दुखऱ्या गुडघ्यांनी निघाल्या. शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बोलल्या. मग आजीचे तीन मजले, एकेका पायरीवर थांबत. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

आजी बहिरी. सगळं ऐकून म्हणते कशी, 'कसली बरकत गं? मला तर त्या दिवशी काही ऐकूच आलं नव्हतं!'

'नसेल आलं. आता ऐक!' आणि सासूबाई अशा ओरडल्या म्हणून सांगू, 'माझ्या सुनेच्या हाताला बरकत आहे!' समोरच्या इमारतीतली खिडकी उघडली आणि एक अनोळखी माणूस म्हणाला, 'अभिनंदन!'

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. अशी सासू मला मिळाली याचा त्या जिन्यात जेवढा अभिमान वाटला, तेवढा लग्नाच्या दिवशी नवऱ्याचाही वाटला नव्हता. आजी तेव्हापासून मला बरकतच म्हणते, आणि तिचं ऐकून सगळी गल्ली.

परत आलो. मी कापड अंथरलं. सुलट, उलट, सुलट, उलट. खडू घेतला. मागे वळून पाहते तर सासूबाई टेबलाकडे पाठ करून खुर्चीत बसलेल्या, गुडघे चोळत.

'अहो, एकदा बघा तरी!'

'कशाला बघू?' त्या म्हणाल्या. 'बोलले ना मी.'