कडू कंद आणि साहेबाची फौज

बासष्ट सालच्या थंडीत चीनशी लढाई पेटली आणि पौडात सभा भरली. माचावर भिवाजी हवालदार बसला होता, डोक्याला सत्काराचा नवाकोरा फेटा. वीस वर्षांपूर्वी इंग्रजांच्या फौजेतून मलायात जपान्यांशी लढून आलेला गडी, तेव्हा मान त्याचाच.

"हवालदार," सभा चालवणारा कोंडाजी म्हणाला, "आता विलायत-अमेरिकेची हत्यारं येत्यात. गोऱ्यांची फौज म्हंजी कवाबी मोठ्या लढाईला तयार. तुमी डोळ्यांनी बघितलंय. सांगा लोकान्ला!"

उत्तर भिवाजीला तोंडपाठ होतं. साहेबाची फौज लई भारी, साहेबाच्या डब्यातल्या खाण्यावर एकोणीस दिवस जंगलात तगलो. गावात परतल्यापासून हीच टकळी चालू होती. डबे कुठले आलेत! पण खरं सांगायचं तर बुधाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि बुधा पडला कातकरी. लहानपणी गुरं राखताना भिवाजी त्याच्या झोपडीत चोरून रानातला कंद खायचा. घरी कळतं तर आईने उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

आणि आज तोच बुधा सगळ्यांच्या मागे, चपलांच्या ढिगापाशी उकिडवा बसला होता. केस पार पिकले होते. आज बोललो नाही तर पुन्हा व्हायचं नाही, हे भिवाजीला उमगलं.

"कशाची तयारी!" तो उठूनच बोलला. "आमच्याकडं रणगाडा एक न्हवता. साहेब म्हनायचा, ह्या जंगलातनं जपानी येतोय कुटला? त्यो आला सायकलीवर! आमची फळी फुटली. अकरा जण रानात, साहेब तापानं फणफणलेला, डबे दोन दिसांत सपले. मंग मला कडू कंद दिसला, आपल्या डोंगरातल्यावानी. गडी कच्चाच खाया निघालं व्हतं, मेलं असतं समदं. मी चकत्या केल्या, राख चोळली, पाण्यात ठिवल्या, उकडल्या. साहेबानंबी खाल्ल्या. अकराच्या अकरा जगलो. हे मला शिकवलं त्या बुधानं. त्याच्या झोपडीत खाल्लंय मी. आन् वीस वरसं लाजंपायी लबाड बोललो."

भिवाजी खाली उतरला, माणसांतून वाट काढत मागे गेला आणि स्वतःचा फेटा बुधाच्या डोक्यावर ठेवला.

बुधाने फेटा चाचपून पाहिला. मग बारीक डोळे करून विचारलं, "पानी वाहतं व्हतं का साठल्यालं?"

"वाहतं. तू सांगितल्तंस तसंच."

"किती येळ?"

"रातभर."

"मंग काय," बुधा म्हणाला, "जगनारच की."

"तुझ्यामुळं नातू बघितला, बुधा," भिवाजी म्हणाला आणि त्याच्या शेजारी, चपलांपाशीच, मांडी घालून बसला.